उणे तीस आणि घराचा पत्ता

दिवाळी झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत थंडी शिरते. यंदाही तशीच पत्रं आली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते: मी मूळची मिरजेची, पेशाने फिजिओथेरपिस्ट, आणि पंचवीसहून अधिक वर्षं कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगमध्ये राहते. बर्फावर पडून मोडलेली मनगटं आणि खुबे पुन्हा हलते करण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. त्यामुळे माझ्या उत्तरांत पावलं, बूट आणि पायऱ्या जास्त येतात.

ताई, नमस्कार. आम्ही नाशिकचे. मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे, पत्नी शिक्षिका, मुलगी चार वर्षांची. मॅनिटोबा प्रांत स्थायिक व्हायला येणारी माणसं स्वतः निवडतो, त्या नॉमिनी योजनेतून आमचं काम पुढे सरकलं आहे आणि विनिपेगमधल्या एका कारखान्याशी बोलणी चालू आहेत. ब्रॅम्प्टनचा मित्र म्हणतो, "तिकडे फ्रीझरमध्ये कशाला जातोस, टोरोंटोकडे ये." पत्नीचा भाऊ व्हँकुव्हरजवळ आहे, तो म्हणतो आमच्याकडे स्नो पडलाच तर दोन दिवसांत जातो. पत्नीने उणे चाळीसचे व्हिडिओ पाहिले आणि ती रडली. नुसत्या थंडीसाठी एखादं शहर नाकारावं का?
— एक वाचक, नाशिक

दादा, तुमच्या पत्नीचं रडणं गंभीरपणे घ्या. उणे चाळीसात माणूस राहू शकतो, इथे लाखो राहतात. पण तुमच्या दोघांच्या वाट्याला येणारी थंडी सारखी नसेल. तुम्ही सकाळी गाडीत बसाल, गरम कारखान्यात जाल, चार माणसांत दिवस काढाल. तिची शिक्षकाची पात्रता इथे तपासली जायला वेळ लागतो, तोवर ती चार वर्षांच्या मुलीबरोबर एका अपार्टमेंटमध्ये असेल. बाहेर पडायचं तर मुलीला स्नोपँट, बूट, टोपी, मिटन घालण्यात वीस मिनिटं, आणि सगळं घालून झाल्यावर मुलगी म्हणणार शू लागली. परदेशातल्या पहिल्या हिवाळ्यात माणूस मोडतो तो इथे. माझ्याकडे दुखऱ्या पाठी घेऊन आलेल्या कित्येक तरुण बायांची खरी तक्रार पाठीची नव्हती. नोव्हेंबरपासून आपण कुणाशी धड बोललोच नाही, ही होती.

म्हणून शहराचा विचार करताना पहिला प्रश्न असा धरा: जानेवारीतल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता माझी बायको कुठे जाऊ शकेल, आणि कशाने जाईल? तिच्याकडे ड्रायव्हिंग लायसन्स आहे का? चालत जाण्याच्या अंतरावर सार्वजनिक वाचनालय आहे का? इथल्या वाचनालयांत लहान मुलांना गोष्टी सांगण्याचे तास असतात, पैसे पडत नाहीत, आणि आयांच्या ओळखी तिथेच होतात. घर शोधताना मी खोल्यांआधी हे बघेन.

आता आकडे, म्हणजे भीतीला माप मिळेल. विनिपेगचं जानेवारीचं सरासरी तापमान उणे सोळाच्या आसपास असतं. दिवसा उणे अकरा, रात्री उणे एकवीस, ही आमची साधी जानेवारी. त्यात काही दिवस उणे तीसचे येतात, आणि वाऱ्यामुळे अंगाला ते उणे चाळीससारखे लागतात. इथले हवामानवाले रोज दोन आकडे देतात, एक पाऱ्याचा आणि एक वाऱ्यासकट अंगाला जाणवणारा. उदाहरणार्थ पारा उणे पंचवीस आणि वारा ताशी वीस किलोमीटर असेल, तर अंगाला उणे सदतीस जाणवतं. बाहेर पडताना बघायचा तो दुसरा आकडा. तो उणे चाळीसच्या खाली गेला की उघडी कातडी पाच-दहा मिनिटांत गोठू शकते. कानाची पाळी आणि नाकाचा शेंडा आधी पांढरा पडतो, आणि दुखायचं थांबलेलं असल्यामुळे आपल्याला कळत नाही. मुलीचे कान आणि गाल तुम्ही बघायचे, तिच्या सांगण्यावर थांबायचं नाही.

स्नो मात्र तुम्हाला वाटतो तितका नसतो. अतिथंड हवा कोरडी असते. मॉन्ट्रियलमध्ये वर्षाला दोन मीटरच्या आसपास स्नो पडतो, विनिपेगमध्ये त्याच्या जवळपास निम्मा. फरक असा की आमच्याकडे नोव्हेंबरात पडलेला मार्चपर्यंत हलत नाही.

आणि माझ्या पेशाच्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगते. माणसं सगळ्यात जास्त पडतात ती कडाक्याच्या थंडीत नाही, शून्याच्या आसपास. दुपारी वितळतं, रात्री गोठतं, सकाळी त्या काचेवर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. टोरोंटोकडे जानेवारीची सरासरी उणे चारच्या आसपास, म्हणजे हा खेळ तिथे हिवाळाभर चालतो. आमच्याकडे तो मुख्यतः नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलमध्ये. मधले तीन महिने बर्फ कोरडा, पायाखाली करकर वाजणारा, आणि चालायला बरा असतो. रस्त्यावर टाकलेलं मीठ उणे दहा-बाराच्या खाली नीट काम करत नाही, म्हणून इथे वाळू पसरतात. "ब्रॅम्प्टन सौम्य आणि विनिपेग भयंकर" हे पाऱ्यापुरतं खरं आहे, पायांपुरतं नाही.

व्हँकुव्हरचं तुमच्या मेहुण्याने सांगितलं ते बरोबर आहे. जानेवारीत तिथे अधिक चार असतं. पण ऑक्टोबरअखेरपासून पाऊस आणि ढग, दिवसचे दिवस. आमच्याकडे एकवीस डिसेंबरला सूर्य साडेआठच्या सुमाराला उगवतो आणि साडेचारला मावळतो, पण आकाश बहुधा निळं असतं आणि स्नोवरून उजेड डोळ्यांत येतो. कोकणातला श्रावण ज्याला आवडतो त्याला व्हँकुव्हर मानवेल. ज्याला ढगाळलं की उदास वाटतं, त्याने फक्त पारा बघून तिथे जाऊ नये. तुमची पत्नी यांतली कुठली, हे तिला विचारा. घरांच्या किमतींचा विचार तर वेगळाच. टोरोंटो आणि व्हँकुव्हरमध्ये कर्जाच्या हप्त्यासाठी दोघांनाही रोज लांबचा प्रवास करत राबावं लागतं, विनिपेगमध्ये एका पगारावर संसार उभा राहिलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

एक स्पष्टच सांगते. नॉमिनी योजनेतून प्रांत तुम्हाला निवडतो तो तुम्ही इथे राहाल या बोलीवर. ही योजना मॅनिटोबात १९९८ पासून आहे, आणि तिच्यामुळे हे शहर बदललं. फिलिपिनो, पंजाबी, गुजराती, आफ्रिकेतले लोक इथे रुजले. "कागद विनिपेगचे करू आणि नंतर ब्रॅम्प्टनला सरकू" असा सल्ला कुणी दिला तर तो घेऊ नका. राहायचा मनापासून इरादा नसेल तर दुसऱ्या मार्गाने अर्ज करा.

यायचं ठरलं तर शक्यतो तुम्ही आधी या आणि त्या दोघींना एप्रिलअखेर आणा. उन्हाळा इथे खरा उन्हाळा असतो, रात्री साडेनऊपर्यंत उजेड, मुलं बागेत. त्या सहा महिन्यांत ओळखी होतात, गाडी शिकून होते, आणि थंडी येते तेव्हा फोनमध्ये चार नंबर असतात. जाडे कपडे नाशिकहून आणू नका. तिथली जाकिटं महाबळेश्वरसाठी शिवलेली असतात. इथे आल्यावर घ्या, मुलीचे तर वापरलेलेही घ्या, मुलं वर्षभरात त्यांतून मोठी होतात आणि इथे तशी देवघेव सर्रास चालते. हातमोजे बोटं सुटी असलेले नकोत, चारही बोटं एका पिशवीत असतात ते मिटन घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात. मोजे सुती नकोत, लोकरीचे हवेत. सुती मोजा घामाने ओला झाला की पाय गार पडलाच.

गाडीच्या पुढच्या जाळीतून विजेचा प्लग लोंबताना दिसेल, त्याला घाबरू नका. इंजिन गरम ठेवायचा हीटर असतो तो. पारा उणे वीसकडे गेला की रात्री गाडी प्लगला लावतात, टायमर लावून पहाटेचे तीन-चार तास दिले तरी पुरतं. घर भाड्याने घेताना पार्किंगला प्लग आहे का हे विचाराच. हिवाळी टायर मॅनिटोबात सक्तीचे नाहीत. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च कायद्याने लागतात. पण तुम्ही घ्या. साधं रबर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं आणि ब्रेक लागण्याचं अंतर वाढतं. इथलं सरकारी वाहन विमा मंडळ त्यांच्यासाठी कमी व्याजाने कर्जही देतं.

घर विकत घ्यायची घाई करू नका, निदान एकदा एप्रिल महिना इथे बघा. आमची रेड नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. वरच्या अंगाला, अमेरिकेत, बर्फ आधी वितळतो आणि खालच्या अंगाला नदी अजून गोठलेलीच असते. पाण्याला जायला वाट राहत नाही. १९५०च्या पुरात जवळपास लाखभर लोकांना शहर सोडावं लागलं होतं. मग शहराला वळसा घालणारा मोठा कालवा खणला, तो १९६८ मध्ये पुरा झाला, आणि १९९७च्या महापुरात त्यानेच शहर वाचवलं. तरी बेसमेंटमध्ये पाणी येतं ते घरोघरच्या जमिनीवर अवलंबून. एप्रिलमध्ये घर बघायला गेलात तर बेसमेंटच्या भिंतीला हात लावून बघा, पाणी उपसायचा पंप चालू करून दाखवायला सांगा. हिवाळ्यात सगळी बेसमेंटं कोरडी असतात.

थंडीसाठी शहर नाकारावं का? नाकारावं, जर तुमच्या पत्नीने सगळं समजून घेऊन "नको" म्हटलं तर. ते पुरेसं कारण आहे आणि त्यात कमीपणा नाही. पण व्हिडिओ बघून नको. उकळतं पाणी हवेत उडवणाऱ्यांचे व्हिडिओ बाजूला ठेवा, आणि इथे राहणाऱ्या, लहान मूल असलेल्या दोन-तीन बायांशी तिचं बोलणं करून द्या. मला कळवलंत तर ओळख मी घालून देईन.

सौ. ताई यांस, सप्रेम नमस्कार. मी साताऱ्याची, वय ६७. मुलगा-सून एडमंटनला असतात. सुनेला जानेवारीत दिवस भरतात. मला बाळंतपणाला जायचं आहे, पण गुडघे दुखतात आणि मधुमेह आहे. बहीण म्हणते, या वयात तिथे गेलीस तर घरातच कोंडून पडशील. मी शेगडी, ओवा, बाळंतशोपा, डिंक असं सगळं नेणार आहे. आणखी काय नेऊ?
— एक आजी होणारी, सातारा

काकू, जा. नातवंडाचे पहिले दोन महिने परत मिळत नाहीत, आणि एडमंटनचं घर आतून साताऱ्यातल्या जानेवारीच्या पहाटेपेक्षा जास्त उबदार असतं.

पण शेगडी नेऊ नका. हे मी हात जोडून सांगते. आपल्याकडे बाळंतिणीला निखाऱ्यांचा शेक आणि ओव्याची धुरी देतात ती दारं-खिडक्यांतून वारा खेळणाऱ्या घरात. तिकडची घरं हिवाळ्यात अगदी बंद असतात, फटीफटीतून हवा आत येऊ नये म्हणूनच ती बांधलेली असतात. अशा घरात कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. बाळंतीण आणि बाळ त्याच खोलीत. शेक द्यायचा तर गरम पाण्याची पिशवी किंवा विजेचा शेकपट्टा, तोही सुनेचे टाके आणि डॉक्टर बघून. ओवा तिला खायला द्या, जाळू नका. मुलाला विचारा, घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का आणि त्याची बॅटरी चालू आहे का. घराच्या बाहेरच्या भिंतीवर फर्नेसचे, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचे, पाइप निघालेले असतात, त्यांच्या तोंडाशी स्नो साचू न देणं हे त्याचं काम.

दुसरी गोष्ट बाळाची. बाहेर नेताना आपला जीव बाळाला गुंडाळायला धावतो. गाडीतल्या बाळाच्या सीटमध्ये मात्र जाड जाकीट घालून बसवायचं नाही. जाकिटातली हवा दबते, पट्टा सैल राहतो आणि धक्का बसला तर बाळ निसटू शकतं. अंगात साधे पातळ कपडे, पट्टा घट्ट, आणि वरून गोधडी. तुमच्या हातची गोधडी नेलीत तर तिचा असा रोज उपयोग होईल.

आता तुमचे गुडघे. थंडीपेक्षा बसून राहण्याने ते जास्त आखडतात. एडमंटनमध्ये वेस्ट एडमंटन मॉल नावाचं प्रचंड बंदिस्त बाजारपेठेचं आवार आहे, १९८१ पासून. अशा मॉलमध्ये हिवाळ्यात सकाळी म्हातारी माणसं काही खरेदी न करता फेऱ्या मारायला जातात. मुलाला सुट्टीच्या दिवशी तिथे सोडायला सांगा. नदीकाठी मुटार्ट म्हणून काचेचे चार पिरॅमिड आहेत, त्यांतल्या एकात उष्ण प्रदेशांतली झाडं वाढवली आहेत. फेब्रुवारीत त्या ओल्या, हिरव्या हवेत अर्धा तास बसलात तर तुमच्या बहिणीला फोन करून सांगण्यासारखं काही मिळेल.

पडण्याबद्दल नीट वाचा. तुमच्या वयाच्या बायका लांब फिरायला जाऊन पडत नाहीत. पडतात त्या दाराच्या पायरीवर, गाडीतून उतरताना, आणि कचरा टाकायला चपला घालून पटकन गेल्यावर. उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकायचं असलं तरी बूट. पावलं छोटी, पूर्ण तळवा टेकलेला, भार पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. आधी पाय बाहेर ठेवून, गाडीला धरून मग उभं राहायचं. बूट मुलाला तिथेच घ्यायला सांगा, आणि दिखाव्यावर जाऊ नका. टोरोंटोतल्या पुनर्वसन संशोधन संस्थेने बर्फाच्या उतारावर माणसांना चालवून बूट तपासायला घेतले, तेव्हा बाजारातले बहुतेक हिवाळी बूट नापास झाले. त्यांची गुणांची यादी खुली आहे, मुलाला बघायला सांगा. बुटाला खालून लावायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, ते बर्फावर उत्तम, पण घरात किंवा दुकानाच्या फरशीवर तेच घसरतात. दारातच काढायचे.

कागदांचं बघा. सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांना मुलांकडे लांब मुक्कामासाठी मिळणाऱ्या व्हिसावर, जाणार असाल तर निदान एक लाख डॉलरचा, एक वर्षाचा आरोग्य विमा लागतो. विमा घेताना मधुमेह लपवू नका, आणि आधीचा आजार किती महिने स्थिर असला पाहिजे ही अट मुलाला वाचायला सांगा. निघायच्या तोंडावर गोळ्या बदलल्या तर तीच अट आडवी येते. औषधं मूळ वेष्टणात, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कंपनीचं नको. डिंक, खारीक, अळीव तिथल्या भारतीय दुकानांत मिळतात. बाळंतशोपा न्या. जे न्याल ते विमानतळावर विचारतील तेव्हा स्पष्ट सांगा.

आणि सकाळी साडेआठपर्यंत अंधार असेल. पाच वाजता जाग येईल तेव्हा घाबरू नका. देवापुढे दिवा लावायचा असला तर स्मोक अलार्मच्या थेट खाली लावू नका.

ताई, मी सास्काटूनला शिकते. आईने दिलेल्या बियांची तुळस उन्हाळ्यात छान वाढली, नोव्हेंबरपासून पानं गळायला लागली. मागच्या वर्षीही असंच झालं. आई फोनवर रोज विचारते आणि मला खोटं बोलावं लागतं. पुन्हा लावू का? सध्या माझीही झोप संपतच नाही, दुपारी बारापर्यंत उठवत नाही, त्यामुळे पाणी घालायचंही राहतं.
— एक विद्यार्थिनी

बाळ, तुळशीला उजेड कमी पडतोय. खिडकीत ठेवली असशील तर काचेची थंडीही लागते. कुंडी खिडकीपासून लांब घे, खालून फर्नेसची गरम हवा येते त्या जाळीपासूनही लांब. रोपांसाठीचा दिवा मिळतो, तो फूटभर वर टांगून बारा तास लाव. पाणी उन्हाळ्याच्या निम्मं, माती वरून सुकल्यावरच. एखाद्या फांदीवर जीव असेल तर फुटेल. नाहीतर बिया एप्रिलमध्ये टाक. आईला खरं सांगून टाक. तुळस गेल्याचं तिला वाईट वाटेल, पण त्याहून जास्त ती तुझ्या आवाजाकडे कान लावून असते.

आणि तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला तुळशीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. झोप संपत नाही, उठवत नाही. मागच्या वर्षी या दिवसांतही असंच होतं का? गोड आणि भात-ब्रेड जास्त खावंसं वाटतं का? अभ्यासात मन लागत नाही का? दिवस लहान झाल्यावर येणारं नैराश्य असतं, त्याचं वर्णन नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं, आणि त्यावर उपचार आहेत. सकाळी उठल्याबरोबर दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर वीस-तीस मिनिटं बसणं हा त्यांतला एक. हा दिवा वेगळा, रोपांचा नाही. पण तो घेण्याआधी विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जा, कारण काहींना तो चालत नाही, आणि कधी थायरॉइड किंवा रक्तातलं लोह कमी असल्यानेही असं होतं. या आठवड्यातच जा. जगणं नको असं कधी मनात आलं असेल तर आजच जा, आणि एकटी जाऊ नकोस. मैत्रिणीला बरोबर घे. आणि मला दोन ओळी लिही की जाऊन आलीस.

ताई, मी ओटावाला ३४ वर्षं आहे. हे जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा कॅलिफोर्नियाला, मुलगी टोरोंटोला. मोठं घर, लांब ड्राइव्हवे. स्नो काढून झाला की नगरपालिकेचा रस्त्यावरचा स्नो सारणारा नांगर येऊन तोंडाशी पुन्हा कडक ढीग लावून जातो. पुण्यात कोथरूडला आमचा फ्लॅट आहे. भाऊ म्हणतो परत ये. मुलगी म्हणते आमच्याकडे ये. मला ओटावा सोडवत नाही, पण तिसरा हिवाळा एकटीने काढायची छाती होत नाही. वय ६६. माझं घर कुठलं म्हणू?
— एक वाचक, ओटावा

ताई, तुम्ही दोन प्रश्न एकत्र बांधले आहेत. घर आणि शहर. मला तुमच्या पत्रात ओटावाचा कंटाळा कुठेच दिसला नाही. कंटाळा आहे तो ड्राइव्हवेचा. तो ड्राइव्हवे दोन माणसांच्या संसारासाठी घेतलेला होता.

आधी तातडीचं. नांगराने लावलेला तो ढीग तुम्ही या वर्षी उचलायचा नाही. तो ओला, दाबलेला आणि जड असतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, आणि हातांनी वजन उचलून फेकताना हृदयावर ताण पडतो. दर हिवाळ्यात फावडं हातात असताना माणसं जातात. स्नो काढणाऱ्याशी हंगामाचा करार करा, उशीर झाला असला तरी कुणी ना कुणी मिळतो, आणि करारात नांगराचा ढीगही काढायचा असं लिहून घ्या, नाहीतर तो तेवढाच सोडून जातो.

मग पुढचं. माझं मत विचारलंत म्हणून सांगते: घर विका, शहर इतक्यात सोडू नका. वाचनालय, दवाखाना, किराणा आणि बस जवळ असलेल्या इमारतीत दोन खोल्या घ्या, जिथे खालचं पार्किंग गरम असतं आणि दारापर्यंत स्नो येतच नाही. इमारतीत जनरेटर आहे का आणि वीज गेल्यावर लिफ्ट चालते का, हे विचारा. जानेवारी १९९८चं ते बर्फाचं वादळ तुम्ही तिथेच काढलं आहे, गोठणाऱ्या पावसाने तारा आणि मनोरे कोसळले होते, काही घरांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हा घरात दोघं होतात.

पुण्याबद्दल मी सावध आहे. चौतीस वर्षांत तुम्ही पुणं बहुतेक पाहुणी म्हणून पाहिलं असेल, डिसेंबर-जानेवारीत, भेटीगाठी आणि लग्नांच्या दिवसांत. त्या महिन्यांत पुणं कुणालाही आवडेल. एकदा जूनमध्ये जा आणि ऑगस्टअखेरपर्यंत राहा. सोसायटीचं पाणी, बँक, कोथरूडच्या फुटपाथवरून एकटीने चालणं, भावाच्या घरच्यांचं स्वतःचं चाललेलं आयुष्य, हे सगळं बघा. जवळच्या मैत्रिणींपैकी कितीजणी आता आपापल्या मुलांकडे अमेरिकेत असतात तेही बघा. एवढं बघूनही मन तिथे रमलं, तर जा. मी आनंदाने अभिनंदन करेन.

तोवर थंडीचे महिने पुण्यात आणि उरलेले ओटावात, असं अनेकजण करतात, आणि तुम्हाला ते जमेल. त्याचे नियम मात्र पाळावे लागतात. ओंटारिओचा आरोग्य विमा टिकायला कुठल्याही बारा महिन्यांत १५३ दिवस प्रांतात असावं लागतं. ओल्ड एज सिक्युरिटी पेन्शन, वयाच्या अठरानंतर वीस वर्षं कॅनडात काढलेली असली तर, देशाबाहेर राहूनही मिळते, म्हणजे त्याची चिंता तुम्हाला नाही. हिवाळ्यात घर बंद ठेवून जाणार असाल तर घराच्या विम्यातली अट वाचा. ठरावीक दिवसांनी कुणीतरी आत येऊन घर बघितलं पाहिजे, किंवा पाणी बंद करून नळ रिकामे केले पाहिजेत, असं त्यात बहुधा असतं. फर्नेस बंद पडून पाइप फुटला आणि कुणी पाहिलं नव्हतं, तर भरपाई मिळणं अवघड. इमारतीतल्या दोन खोल्यांना हा घोर फार कमी असतो.

मुलीकडे कायमचं राहायला जाण्याआधी तिच्याशी एक गोष्ट मोकळेपणी बोला: टोरोंटोत दिवसा ती आणि जावई कामावर असताना तुमचा दिवस कसा जाईल. तिचं प्रेम खरं आहे, त्यात शंका नाही. पण तुमच्या शेजारणी, तुमचा वाचनकट्टा, तुमच्या यजमानांच्या आठवणी असलेली माणसं ओटावात आहेत. तुमच्या घराची दुसरी किल्ली आज कुणाकडे आहे? रात्री दोनला चक्कर आली तर पहिला फोन कुणाला कराल? या दोन्हींची उत्तरं ज्या शहरात आहेत, त्याचं वजन मी सर्वांत जास्त धरेन.

तुम्ही पत्राच्या तळाला लिहिलं होतंत की दोघं रिडो कालव्यावर स्केटिंगला जायचात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तो कालवा एकही दिवस उघडला नव्हता, इतकी थंडी कमी पडली. तसं पहिल्यांदाच झालं. या वर्षी उघडला तर मुलीला एका शनिवारी बोलवा आणि काठावरून चालून या, स्केट घालायलाच हवेत असं नाही. बुटांबद्दल साताऱ्याच्या काकूंना लिहिलंय ते तुम्हालाही लागू आहे.

घराच्या एजंटला एप्रिलच्या शेवटी बोलवा. त्याआधी कुठल्याही कागदावर सही करू नका, मुलांनी घाई केली तरीही. आणि स्नोवाल्याचा करार झाला की मला कळवा.